डावा गाल

ग्रेपफ्रूट हातात घेऊन लेनोर त्याचं वजन अजमावत होती, तेवढ्यात तिच्या उजव्या बाजूला कुणीतरी ओरडलं, "हिल्डा! अगं हिल्डा, लवकर ये, बघ कोण आहे! ती... ती दुसरी!"

पन्नाशीचा, चौकडीची अर्धी विजार घातलेला, टोपलीत चीजचा गोळा आणि काकड्या घेतलेला एक माणूस तिच्याकडे बोट दाखवत होता. फेअरफॅक्सच्या बाजारात रविवारी सकाळी असली माणसं पैशाला पासरी असतात, आणि ती ओळखतात त्याचा कुणाला राग येत नाही. राग येतो तो ओळखलं नाही तर. लेनोरने सवयीने मान वळवली. मान वळली ती उजवीकडे, म्हणजे डावा गाल त्याच्यासमोर आला, हनुवटी किंचित वर गेली, ओठ हसले. हे सगळं तिच्याकडून आपोआप होत असे, शिंक आल्यासारखं. "'द संडे हॅट'!" तो माणूस म्हणाला. "टोप्यांच्या दुकानातल्या त्या दोघी! एक डेल्फिन रोर्क, आणि दुसऱ्या तुम्ही!" मागून धापा टाकत आलेली बायको म्हणाली, "अरे, काय हे बोलणं! नाव असेल ना त्यांना काहीतरी." "असेल काय, आहेच. अगदी जिभेवर आहे." जिभेवर होतं ते जिभेवरच राहिलं. "आज दुपारी आम्ही जातोच आहोत, विल्शरवरच्या थिएटरात. डेल्फिन रोर्क स्वतः येणार आहे! दोन वर्षांत दिसली नाही कुणाला. तुम्हीही येणार का बघायला?" "बघायला नाही," लेनोर म्हणाली, "मी स्टेजवर आहे." "हो का? छापलं नव्हतं कुठे." "छापलंय. खाली."

खाली छापलं होतं हे खरं होतं. जाहिरातीत वर डेल्फिनचा चेहरा, त्याखाली डेल्फिनचं नाव, त्याखाली सिनेमाचं नाव, आणि मग, जिथे थिएटरचा पत्ता आणि गाड्या लावायची जागा सांगतात तिथे, 'आणि लेनोर ग्रीर'. आणि. या 'आणि'वर लेनोरने आयुष्य काढलं होतं. पण 'दुसरी' हा शब्द इतका उघडा, इतका उत्साहाने तोंडावर कधी कुणी मारला नव्हता. तो माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. तो खूश होता. दुसरीला पाहूनही माणूस इतका खूश होतो, तर पहिलीला पाहून त्याचं काय होत असेल, हा विचार तिच्या मनात आला. ग्रेपफ्रूट तिने परत ढिगावर ठेवलं. आणि मग तिच्या लक्षात आलं की त्या माणसाने आपल्याला उजव्या बाजूने पाहिलं आणि उजव्या बाजूने ओळखलं. उजवा गाल पाहून त्याला दुसरी आठवली. यात त्याचा काय दोष? पडद्यावर तिचा तोच गाल होता.

ही बाजूची गोष्ट बाहेरच्यांना सांगितली तर हसतील. पण त्या काळी स्टुडिओत ज्याला त्याला ठाऊक असे की कुठल्या नटीची कुठली बाजू. सुताराला ठाऊक असे, कारण दार कुठल्या भिंतीत करायचं ते त्यावर ठरे. बाई आत आली की चांगला गाल आधी दिसायला हवा. प्रेमाचा प्रसंग असला की नट कुठल्या कुशीवर वळणार ते बाईच्या गालावरून ठरे. लेनोर अठरा वर्षांची असताना तिला एका उंच स्टुलावर बसवून म्हाताऱ्या हंगेरियन कॅमेरामनने, सगळे त्याला पापा म्हणत, हनुवटीखाली एक बोट धरून तिचा चेहरा दिव्यापुढे इकडून तिकडे फिरवला होता. तंबाखूचा वास येणारं ते बोट तिला अजून हनुवटीखाली लागे. मग तो म्हणाला, "पोरी, डावा गाल राजकन्येचा, उजवा तिच्या मावशीचा. मावशीला घरी ठेवत जा." नेब्रास्काहून दोन झगे घेऊन आलेल्या मुलीला राजकन्या म्हणणारा तो पहिला माणूस. तिने मावशीला घरी ठेवलं, ते कायमचं.

गाडीत अर्विन पेपर वाचत बसला होता. अर्विन दातांचा डॉक्टर. बेव्हर्ली हिल्समधल्या अर्ध्या हसऱ्या तोंडांत त्याचं काम होतं आणि त्याचा त्याला अभिमान नव्हता, फक्त कंटाळा होता. "ग्रेपफ्रूट कुठे आहेत?" त्याने विचारलं. "चांगली नव्हती," लेनोर म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. तिला गाडी चालवता येत नसे. या शहरात गाडी चालवता न येणं म्हणजे पाय नसल्यासारखंच, आणि लोकांना वाटे ती घाबरते. ती घाबरत नव्हती. इकडे गाडीचं चाक डावीकडे असतं, म्हणून चालवणाऱ्याच्या शेजारी बसलं की आपला डावा गाल चालवणाऱ्याकडे असतो. चालवायला बसलं की उजवा शेजारच्याकडे जातो. एवढंच कारण होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. घर घेतानासुद्धा तिने स्वयंपाकघर पाहिलं नव्हतं, जिना कुठल्या अंगाने खाली उतरतो ते पाहिलं होतं. अर्विनची झोपायची बाजू तिने पहिल्या रात्री ठरवून दिली आणि त्या बिचाऱ्याने कधी विचारलं नाही. एकदाच, तिच्या तोंडात आरसा घालून दाढा तपासताना तो म्हणाला होता, "लेनी, तुझी उजवी बाजू खणखणीत आहे बघ. डावीकडे सगळी माझी कारागिरी." ती तीन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

"कुणी भेटलं का?" अर्विनने गाडी सुरू करत विचारलं. "एक माणूस. येणार आहेत म्हणे आज." "बरं झालं. ओळखलं ना तुला?" "ओळखलं," ती म्हणाली. रस्त्याच्या कडेला जॅकरँडाची झाडं जांभळी झाली होती आणि फुलांचा चिकट सडा गाड्यांच्या टपांवर पडला होता. डेल्फिनला आज कुठला रंग घालायचा सुचला असेल? लेनोरने स्वतःसाठी करडा रेशमी पोशाख काढून ठेवला होता. डेल्फिन पांढरा घालणार, तिला खात्री होती. डेल्फिन नेहमी पांढरं घालत असे आणि मग शेजारची कुठल्याही रंगाची बाई मळकी दिसत असे. दोन वर्षं ती कुठे दिसली नव्हती, याचा अर्थ या गावात एकच होतो. स्वित्झर्लंडला जाऊन चेहऱ्याची कातडी ताणून घेऊन आली असणार. असं सगळेच म्हणत होते, लेनोरही म्हणत होती, सगळ्यांपेक्षा जरा जास्तच वेळा. आज ती पस्तिशीची दिसणार. चेहऱ्याला एक सुरकुती नाही अशी येणार, मान हंसासारखी, आणि सगळे म्हणणार, कसं राखलंय बाई हिने. लेनोरच्या पोटात दुखायला लागलं. खरोखर दुखायला लागलं, बरगडीच्या खाली डाव्या अंगाला, आणि तिला स्वतःची थोडी गंमतही वाटली की मत्सरालाही आपली हीच बाजू बरी वाटते.

दुपारी आंघोळ करून ती आरशापुढे बसली. आरशापुढे बसलं की तो दुसरा आरसा आठवे. टाळून टळत नसे. 'द संडे हॅट'मध्ये त्या दोघी टोप्यांच्या दुकानात विक्रेत्या असतात, दोघींचा एकाच सॅक्सोफोनवाल्यावर जीव असतो, आणि दुकान बंद झाल्यावर एका स्टुलावर दोघी गालाला गाल लावून बसतात, एकच टोपी आळीपाळीने घालून बघतात आणि गातात. सिनेमातलं बाकी काही कुणाला आठवत नाही, हे आठवतं. आरशाला काच नव्हती. नुसती सोनेरी चौकट टांगली होती आणि काचेच्या जागी कॅमेरा होता. एका चौकटीत दोन चेहरे, एकमेकींकडे कललेले. आता एकमेकींकडे कललं की पडद्याच्या उजव्या हाताला जी बसते तिचा डावा गाल दिसतो आणि डाव्या हाताला बसते तिचा उजवा. साधा हिशेब. पण डेल्फिनचीही बाजू डावीच होती. स्टुडिओत दोन दिवस याच्यावर काम थांबलं. कुणी मोठ्याने भांडलं नाही. असल्या गोष्टींवर मोठ्याने भांडत नाहीत. तिसऱ्या दिवशी लेनोर सेटवर आली तर स्टुलाच्या उजव्या हाताला डेल्फिन बसली होती, पांढऱ्या झग्याचा घेर नीट पसरून. कुणी सांगितलं, कुणी ठरवलं, लेनोरला कधी कळलं नाही. पापाने तिच्याकडे पाहिलं नाही. "ये गं," डेल्फिन म्हणाली आणि स्टुलावर हाताने थोपटलं, आपल्या घरी पाहुणीला बस म्हणतात तसं. लेनोर बसली. मावशीला घेऊन बसली. दिवसभर तिच्या डाव्या गालाला डेल्फिनचा ऊबदार, पावडरचा वास येणारा गाल लागलेला होता आणि ती हसून गात होती, आणि त्यानंतर डेल्फिनची सात पोस्टरं लागली आणि लेनोरला दोन सिनेमे मिळाले, नायिकेच्या मैत्रिणीचे, आणि मग टेलिव्हिजनवर कपडे धुवायच्या पावडरची जाहिरात. डावं-उजवं झालं ते असं.

तेव्हा आजचा बेत तिने दोन आठवडे मनात घोळवला होता आणि तो अगदी पोरकट होता. तासभर आधी जायचं. स्टेजवर दोन खुर्च्या असणार, पडद्याआड. त्यातली प्रेक्षकांच्या उजव्या हाताची खुर्ची गाठायची आणि बसायचं. पर्स ठेवून, झग्याचा घेर पसरून. डेल्फिन आली की तिला दुसऱ्या खुर्चीवर हाताने थोपटून म्हणायचं, "ये गं." बाकी काही नको. टाळ्या तिला, फुलं तिला, जाहिरातीतला चेहरा तिला. एकदा, भरल्या सभागृहात, त्या बाजूला मी. यापेक्षा मोठं काहीतरी मागावं असं तिला कधीकधी वाटे, पण मागायला बसली की मनात हेच येई.

"तासभर आधी कशाला?" अर्विन म्हणाला. तो पायमोजे शोधत होता. "लग्नालासुद्धा वीस मिनिटं उशिरा आली होतीस." "चल म्हटलं ना." "डेल्फिनला भेटायची घाई झालीय वाटतं," तो म्हणाला, आणि तिने इतक्या झटकन त्याच्याकडे पाहिलं की त्याने उरलेला पायमोजा मुकाट्याने चढवला.

थिएटरच्या मागच्या दाराने तिला आत नेलं ते कार्यक्रम करणाऱ्या टॉल नावाच्या मनुष्याने. त्याचे कल्ले जबड्यापर्यंत उतरले होते आणि जुन्या सिनेमांबद्दल तो इतक्या भक्तीने बोले की त्यात काम केलेली माणसं अजून जिवंत आहेत याचा त्याला थोडा संकोच वाटत असावा. "तुम्ही लवकर आलात, फार छान," तो म्हणाला. "मिस रोर्क केव्हाच्या आल्यात." म्हणजे हेही झालं. पुन्हा तीच आधी. पडद्यामागे अंधूक उजेड होता, लाकडाला मेणाचा वास होता, आणि मधोमध दोन खुर्च्यांपैकी एकीवर पांढऱ्या पोशाखातली, कोपरापर्यंत हातमोजे घातलेली डेल्फिन पाठमोरी बसली होती. लेनोर दोन पावलं गेली आणि थांबली. मनातल्या मनात तिने स्टेज उलटं करून पाहिलं, प्रेक्षकांच्या जागी स्वतःला बसवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. डेल्फिन चुकीच्या खुर्चीवर बसली होती. प्रेक्षकांच्या डाव्या हाताला. उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती.

"ये गं," डेल्फिन म्हणाली आणि रिकाम्या खुर्चीवर हाताने थोपटलं.

लेनोर बसली. एवढ्या वर्षांनी हवं ते मिळालं आणि मिळताना त्याची चव पाहायला सवडच झाली नाही, कारण डेल्फिनने तोंड तिच्याकडे वळवलं. उजवा गाल होता तसाच होता. वयाने त्याला हात लावला होता पण अदबीने. पण डावा, जगाने वेड्यासारखा पाहिलेला तो डावा गाल कापूस काढून घेतलेल्या उशीसारखा खाली आला होता. पापणी अर्धी मिटलेली, ओठाचा कोपरा खाली ओघळलेला. डावा हात मांडीवर नीट ठेवून दिला होता, कुणीतरी दुसऱ्याने ठेवावा तसा. "बघ, नीट बघून घे," डेल्फिन म्हणाली. शब्द जरा जड येत होते, एकेक पायरी बघून उतरल्यासारखे. "इतकी वर्षं वाट बघितलीस."

"लोक म्हणत होते तू स्वित्झर्लंडला गेलीस," लेनोर म्हणाली.

"पासाडेनाला होते, इस्पितळात. चमच्याने खायला शिकत होते." डेल्फिन हसली, अर्धीच. "लोकांना स्वित्झर्लंडच सांगत जा. तुला जमेल, तूच उठवली असशील ती आवई."

"मी एकटीने नाही."

"हं. पाय उचलत नाही, म्हणून माझी नर्स मला कुणी यायच्या आत आणून बसवते, टॉललाही ठाऊक नाही. चालताना कुणी बघायला नको." तिने मान प्रेक्षागृहाकडे फिरवून पाहिली, गालाचा अंदाज घेत, आणि लेनोरला ती हालचाल ओळखू आली, तिची स्वतःचीच होती ती. "पापा म्हणायचा ना, डावा गाल राजकन्येचा, उजवा तिच्या मावशीचा, मावशीला घरी ठेव. राजकन्या गेली बाई. आता मावशीलाच घेऊन आलेय."

लेनोरला आधी वाटलं आपण हे कधीतरी डेल्फिनला सांगितलं असणार. नव्हतं सांगितलं. कुणालाच नव्हतं सांगितलं, अर्विनला नाही, आईला नाही. "हे तुला... तुलाही म्हणाला होता?"

"तुलाही काय? सगळ्यांना म्हणायचा. स्टुलावर बसलेल्या प्रत्येक पोरीला. कुणाला डावा राजकन्येचा, कुणाला उजवा. पोरी खूश होऊन गप्प बसतात, दिवे लावायला बरं पडतं, असं म्हणायचा." डेल्फिनने तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे तू ते खरं धरून बसलीस?" जिना, बिछाना, गाडी, सगळं लेनोरच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्या सगळ्यात तिला खुपलं ते भलतंच. आयुष्य एका थापेवर गेलं हे नव्हे. ती थाप आपल्या एकटीची नव्हती हे. तीसुद्धा हिच्याबरोबर वाटून घ्यायची होती. डेल्फिनचा आवाज खाली आला. "एक कर माझं. या बाजूने लाळ येते आणि मला कळत नाही. दिसली तर बोलू नकोस. तू आपल्या हनुवटीला हात लाव, मी समजेन. इथून फक्त तुलाच दिसतं." आणि पडदा सरकायला लागला.

टाळ्या आल्या त्या डेल्फिनवर आल्या. लेनोरने आपला डावा गाल, मागेपुढे पाहून, मोठ्या कष्टाने मिळवलेला, सभागृहापुढे धरला होता आणि सभागृह तिच्यावरून पुढे जाऊन डेल्फिनच्या मावशीकडे बघत होतं. "आजही तशीच आहे!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला. लेनोरने तो ओळखला, सकाळचा ग्रेपफ्रूटवाला. डेल्फिनने तीनच वाक्यं बोलायची ठरवली होती, पाठ केलेली, आणि ती तिने अशी थांबत थांबत टाकली की लोकांना ते राणीचं सावकाश बोलणं वाटलं. बाकी टॉलने डेल्फिनच्या उजव्या हाताला उभं राहून विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं लेनोर देत होती. मजेशीर बोलत होती, लोक हसतही होते, पण हसता हसता डेल्फिनकडे बघत होते, ती हसते का म्हणून. असतील शितं तर जमतील भुतं. पण शितं सांडून गेली तरी भुतं तिथेच घुटमळतात हे लेनोर आज बघत होती. मधेच डेल्फिनच्या ओठाच्या कोपऱ्यात ओलं चमकलं. लेनोरने लगेच हात उचलला नाही. किती वेळ ते तिलाही सांगता आलं नसतं, एखादा श्वास असेल. त्या श्वासात तिला फार बरं वाटलं. ही बाई आज माझ्या हातात आहे, या थिएटरात हे कुणाला ठाऊक नाही, हिलासुद्धा पुरतं नाही. मग तिने हनुवटीला बोट लावलं आणि डेल्फिनने बोलता बोलता रुमाल ओठांशी नेला, इतक्या नजाकतीने की समोरच्या बायकांनी सुस्कारे टाकले.

आणि मग टॉल आत जाऊन स्टूल घेऊन आला. उंच, गोल, तसंच. दुसऱ्या हातात टोपी, पिवळी, मोठ्या कडेची, एका बाजूला लांब पीस. मागून दोघांनी सोनेरी चौकट आणली. सभागृह आनंदाने किंचाळलं. "पेपरचे फोटोग्राफर आलेत," टॉल म्हणाला, भक्तीने लाल होऊन. "फक्त एक फोटो. जशा सिनेमात बसला होतात तशाच. मिस रोर्क, तुम्ही या बाजूला या, मिस ग्रीर तुम्ही तिकडे. जागा बदलायच्या फक्त." लोक ठेक्यात टाळ्या वाजवायला लागले.

लेनोरने डेल्फिनकडे पाहिलं. डेल्फिनचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला होता, मोज्याच्या शिवणी ताणल्या होत्या. ती लेनोरकडे बघत नव्हती. समोर बघून हसत होती, आणि लेनोरला दिसणाऱ्या बाजूला हसू नव्हतं. लेनोरने काही करायची गरज नव्हती, हेच त्यातलं सोपं होतं. नुसतं उठायचं. सभ्यपणे उठून दुसऱ्या बाजूला जायचं, जशी त्या दिवशी गेली होती, तशीच. मग डेल्फिनला उठावं लागलं असतं, उठता येत नाही हे दिसलं असतं, तिला धरून उजव्या हाताला बसवलं असतं आणि तो गाल, तिचा चांगला गाल, दिव्यात आला असता. उद्याच्या पेपरात. कुणी म्हणालं नसतं की लेनोरने केलं. उलट म्हणाले असते, बघा दुसरी किती समजूतदार, लगेच जागा सोडली. आणि लेनोरला ते हवं होतं. नको होतं असं म्हणणं खोटं ठरेल. तिला ते तहान लागल्यासारखं हवं होतं. तिच्या पोटऱ्या उठण्यासाठी ताठ झालेल्याही होत्या. पण त्या चौकटीतून कसं दिसेल ते बघायला तिने मनात डेल्फिनला तिथे बसवलं, आणि आपल्या गालाला लागलेला तो ऊबदार गाल आठवला, आणि त्या दिवशी पापाने आपल्याकडे न पाहिलेलं आठवलं, आणि एवढे सगळे लोक आता तसंच डेल्फिनकडे बघायचं टाळतील ते तिला दिसलं.

"नाही," ती म्हणाली. माइक होता म्हणून ते फारच मोठ्याने आलं. "मी उठणार नाही."

टाळ्या विस्कटल्या. "मॅडम?" टॉल म्हणाला.

"मॅडम नाही आणि काही नाही. चोवीस वर्षांपूर्वी या बाईने माझी बाजू बळकावली. माझीही डावी होती. हिने झगा पसरला आणि बसली, आणि मी उजवा गाल घेऊन आयुष्यभर हिची मैत्रीण झाले. पोस्टरं तिची, नाव तिचं, आजसुद्धा वर छापलंय तिला आणि मला गाड्या लावायच्या जागेशेजारी. असू दे. पण ही खुर्ची मला आज मिळालीय. मी मेले तरी सोडणार नाही. फोटो काढायचा तर असाच काढा, नाहीतर घरी जा!" तिचा आवाज शेवटी चिरकला. तो तिने चिरकवला नव्हता.

आणि मग सभागृह हसायला लागलं. मोकळं, पोट धरून हसलं. "दुसरी अजून जळतेय रे!" तिसऱ्या रांगेतून आलं आणि त्यावर आणखी हसू फुटलं. कुणीतरी शिट्टी घातली. लेनोर कानापर्यंत लाल झाली होती आणि ते त्या दिव्यात सगळ्यांना दिसत होतं, चांगल्या गालावर. टॉलने ओशाळून टोपी पुढे केली. लेनोरने ती त्याच्या हातातून ओढून घेतली, वाकली आणि डेल्फिनच्या डोक्यावर कलती बसवली, पीस डावीकडे, कड गालावर उतरेल अशी. आणि तशी बसवताना आपल्या हाताच्या पाठीने तिच्या ओठाचा कोपरा टिपून घेतला. मग आपली खुर्ची तिच्याकडे सरकवून गालाला गाल लावला. तो गाल गार होता. दिवे लखलखले.

पडदा मिटल्यावर डेल्फिनने टोपी काढू दिली नाही. तिला न्यायला चाकांची खुर्ची येत होती. "लेनोर," ती म्हणाली, "हे भाषण केव्हापासून पाठ केलं होतंस?"

"पाठ नव्हतं केलं," लेनोर म्हणाली.

डेल्फिनने टोपीची कड बोटाने सारखी केली. "हो," ती म्हणाली, "ते कळलं मला." आभार तिने मानले नाहीत. मानले असते तर लेनोरला सहन झालं नसतं.

आत सिनेमा सुरू झाला होता. बाहेर येताना दाराआडून त्या गाण्याचे सुरुवातीचे सूर ऐकू आले आणि लोकांचं हसू. ऊन कलतं होतं, विल्शरवर गाड्यांच्या काचा पेटल्या होत्या. अर्विनने दार उघडून धरलं, ती बसली, तो दुसऱ्या बाजूने येऊन बसला आणि किल्ली फिरवण्याआधी थोडा थांबला. "लेनी, एक बोलू? रागावू नकोस," तो म्हणाला. "इतक्या लोकांसमोर असं बोलायला नको होतं. किती हसले ते. माझ्या मागे एक बाई म्हणत होती, काय म्हातारपणी हा जळफळाट. मला वाईट वाटलं."

"जळतेच मी," लेनोर म्हणाली.

"ते ठाऊक आहे. पण जनाची नाही तरी... जाऊ दे." त्याने गाडी बाहेर काढली. सिग्नलला थांबल्यावर, भांडण मिटवायला काहीतरी गोड बोलावं म्हणून, तो म्हणाला, "एक मात्र आहे हं. इतकी वर्षं झाली तरी डेल्फिन काय दिसते! जराही बदलली नाही, नाही का? तू तर अगदी जवळून पाहिलंस."

लेनोरने काचेबाहेर पाहिलं. तिला वाटलं आता सांगावं, याला एकट्याला, याच्याकडून कुठे जाणार आहे. बरगडीखाली सकाळचंच ते दुखणं पुन्हा उठलं, तितकंच ताजं, जणू मधे काही घडलंच नव्हतं आणि डेल्फिन खरोखरच तशी होती.

"जराही नाही," ती म्हणाली. "अगदी तशीच आहे."